बोटभर तेल

नारळाच्या वाडीत राहून डोक्याला तेलाचं बोट न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे घरमालक होते. घराच्या चारी बाजूंनी माड, पडवीत सोललेल्या नारळांचा ढीग, आणि यांचे केस काथ्यासारखे कोरडे. लग्नात कुणी अत्तर लावायला आलं की आधी विचारायचे, "ह्यात तेल आहे का?" भजी खायचे नाहीत. घावन टाकताना तवा कांद्याच्या फोडीने पुसायचे, तोही कोरडाच, आणि मग चिकटलेला घावन खरवडताना तव्याला शिव्या घालायचे. गावात त्यांना सगळे काका म्हणत, मीही काकाच म्हणायचे.

मी पालीकडची. झेडपीच्या शाळेत शिक्षिका. बदली झाली आणि नागावच्या पुढे समुद्राकाठच्या एका गावात येऊन पडले. खोली बघायला गेले तर काकांनी ना जात विचारली ना गाव.

"पोपट पाळता का?"

"नाही."

"पुढेमागे पाळायचा विचार?"

"अहो, माझं मला पाळायची मारामार, पोपट कुठून पाळू?"

"डोक्याला कुठलं तेल लावता?"

माझा स्वभाव मुळात फटकळ. म्हटलं, "काका, खोली भाड्याने देताय की सून बघताय?"

आतून खुदकन हसण्याचा आवाज आला. त्या काकू. "द्या हो तिला खोली," त्या आतूनच म्हणाल्या, "बोलते बरी." अशी मला खोली मिळाली. अट एकच होती. माझी तेलाची बाटली माझ्या खोलीच्या बाहेर येता कामा नये.

काका जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होते. नाव भारदस्त, काम जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं. तीस वर्षं त्यांनी बैलांचे खूर धुतले, कुत्र्यांच्या कानातले किडे काढले. रिटायर झाल्यावर मात्र त्यांच्याकडे यायचे ते पोपट. त्याचं कारण साधं होतं. आपला हिरवा पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे, तरी दर चार घरांआड एक पिंजरा टांगलेला असतोच. पोपट आजारी पडला की लोक सरकारी दवाखान्यात जायला घाबरतात, कुणी वनखात्याला कळवलं तर काय घ्या. मग पिंजऱ्यावर चादर टाकून मंडळी काकांच्या पडवीत येऊन बसायची.

आणि येणाऱ्या दहातल्या आठ पोपटांना बुरशी. आमच्या त्या हवेत पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, पट्ट्याला येते, शाळेतल्या भारताच्या नकाशावर काश्मीरपासून केरळपर्यंत येते. पोपटाची कातडी तिच्या तावडीतून कशी सुटणार? चोचीच्या मुळाशी पांढरा कोंडा धरायचा, डोळ्याभोवती खपल्या, मानेवरची पिसं झडून टक्कल. पाखरू खाजवून खाजवून रक्त काढायचं.

आलेल्या प्रत्येकाला काका पहिलं वाक्य हेच ऐकवायचे, "हा पोपट पाळणं गुन्हा आहे. कळलं? आता दाखवा."

एखादा आगाऊ माणूस पडवीतल्या दुसऱ्या पिंजऱ्याकडे बोट दाखवायचा. "आणि तो कोणाचा?"

"माझा. मी पण गुन्हेगार. दाखवा."

पोपटाकडे ते आधी बघायचेच नाहीत. आधी पिंजऱ्याच्या तळाचा कागद काढून वर्तमानपत्र वाचावं तसा निरखायचे. चारचौघांत जायचं म्हणून कुणी पिंजरा घासूनपुसून आणला असेल तर त्याची धडगत नसे. "पुरावा धुतलात! आता मी काय ज्योतिष सांगू?" मग शेंगदाण्यांची मागणी. दाणा फोडायचे, हुंगायचे, चावून थुंकायचे. "खवट आहे, आत काळा पडलाय. तुम्ही खाल का? मग त्याने का खायचा?" शेवटी भिंग घेऊन पोपट. बोथट पातं घेऊन कोंड्याचे दोन कण काचपट्टीवर घ्यायचे आणि ती काच एसटीने अलिबागला. तिथे त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकाखाली बघून फोन करायच्या. तोवर काका औषधाचा थेंबही देत नसत. "मी डॉक्टर नाही," हे दिवसातून चारदा. "कोंडा दोन तऱ्हेचा असतो. एक बारीक किड्यांचा, एक बुरशीचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. चुकीचं औषध दिलं तर पाखरू मधल्यामधे जातं."

बुरशी निघाली की पोटातलं औषध वजनावर ठरायचं, म्हणून एक छोटा डिजिटल काटा होता. वरचं औषध कापसाच्या काडीने, चोचीत जाणार नाही असं, अगदी पातळ लावायचं. पिंजरा कढत पाण्याने धुवायचा, उन्हात वाळवायचा, बसायला पेरूची ताजी फांदी आणि दर चार दिवसांनी नवी. सकाळचं कोवळं ऊन. ऊन नसेल तर जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, पिंजऱ्यापासून हातभर लांब. हे बल्ब आता मिळत नाहीत. नवे पांढरे दिवे उजेड देतात पण ऊब देत नाहीत, यावर काका अर्धा तास बोलू शकत. कुणाच्या माळ्यावर जुना बल्ब आहे असं कळलं की सायकल काढून निघालेच.

त्यांचे शत्रू दोन. एक ट्यूब, दुसरं तेल.

ट्यूब म्हणजे औषधाच्या दुकानात कुणालाही मिळते ती, खाज-गजकर्ण-इसब सगळ्यावर एकच. किहीमच्या एका बंगल्यातले लोक त्यांचा राखाडी परदेशी पोपट गाडीतून घेऊन आले. ट्यूबने आठ दिवस झकास वाटलं, मग सगळी मान उघडी पडली. काकांनी भिंगाखाली ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली, झाकण घट्ट लावलं आणि ती खिशात टाकली. "ह्यात बुरशीचं औषध आहे, आणि बुरशीला खतपाणी घालणारं स्टेरॉइडही आहे. खाज मारते आणि अंगातली ताकदही मारते." बंगलेवाल्या बाई म्हणाल्या, "ट्यूब परत द्या ना." काकांनी फळीवरची बरणी दाखवली. आत अशा वीसपंचवीस ट्यूबा. मी वर्गात भोवरे जप्त करते तशा त्यांनी जप्त केलेल्या.

तेलाचं मात्र जप्त करून भागत नसे, कारण तेल घराघरात. एक कोळीणबाई आली होती, तिचा पोपट नुसता चिपचिपीत.

"काय लावलंत?"

"काय न्हाय."

"मग वास कसला येतोय?"

"खोबरेल लावलं जरासं. पोरांना लावतो तसंच."

"पोरांना पिसं हायत का तुमच्या?" चिडले की काकांची भाषा समोरच्यासारखी व्हायची. "पिसं चिकटली की पाखराला थंडी वाजते. चोचीने साफ करतं ते, तेल पोटात जातं. आणि खाली बुरशी मजेत, वारा नाही की ऊन नाही."

"तेल न्हाय लावू तर काय लावू काका? मीठ?"

"काही लावू नका! काही न लावणं जमतं का तुम्हाला?"

बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हातारा लय कावतो गं." पण पुढच्या आठवड्यात परत आली. सगळेच यायचे. बरा होईल का, असं कुणी विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं, "नाही." महिन्याभराने पिसं फुटलेली, पोपट शिट्टी घालतोय, मालक पेढे घेऊन आलाय, तरी काकांचं आपलं एकच, "अजून मेला नाही एवढंच." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काय अभद्र माणूस आहे! पुढे कळलं, त्यांना आशा दाखवायची भीती वाटायची.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. मी इतका वेळ पोपटांचं पुराण लावलं, ते काकूंवर यायला जीव होत नव्हता म्हणून.

मी राहायला गेले तेव्हा काकू नुसत्या विसरभोळ्या वाटायच्या. मीठ दोनदा घालायच्या. दुसऱ्या वर्षी वाडीतच वाट चुकायला लागल्या. तिसऱ्या वर्षी त्या काकांना ओळखेनाशा झाल्या. मला हळूच बोलावून म्हणायच्या, "हे गृहस्थ चांगले आहेत हो. वेळेवर जेवायला देतात. पण कोणाकडचे?" काका तिथेच ताट घेऊन उभे असायचे.

ओळख उरली होती ती एकाच जिवाची. मागे एका वादळात वाडीतला वठलेला माड मोडला, त्याच्या ढोलीत पोपटाचं पिल्लू सापडलं, नुसता लाल मांसाचा गोळा. काकूंनी ते भाताची पेज भरवून जगवलं. त्याला त्या 'बाळ' म्हणत. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. झालंच नव्हतं की होऊन गेलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, पण बाळ राहिलं. जेवताना एक घास बाळाला, एक घास स्वतःला. बाळाने खाल्लं नाही तर त्याही तोंड उघडत नसत. काका एकदा म्हणाले होते, "ह्या पाखरावर दोघं जगतायत." दोघं म्हणजे काकू आणि आणखी कोण, ते मला तेव्हा कळलं नाही.

चौथ्या वर्षी श्रावणात बाळाच्या चोचीशी कोंडा दिसला.

काच अलिबागला गेली, बुरशी निघाली, औषध सुरू झालं. आणि रोज सकाळी बाळाचं डोकं तेलाने थबथबलेलं! काकू त्याची टाळू भरत होत्या. तान्ह्या मुलाची टाळू तेलाने भरतात ना, तसं. टाळू सुकू द्यायची नाही, हे आपल्या बायकांच्या हातात इतकं मुरलेलं असतं की डोकं रिकामं झालं तरी हात विसरत नाही. काका पाखराला कोमट पाण्याने पुसत, बल्बाखाली सुकवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी स्वयंपाकातलं तेल बंद केलं. देवापुढची समई बंद करून तुपाचं निरांजन लावलं, तर काकूंनी तूप चोपडलं. मग निरांजनही गेलं. देव अंधारात बसले. बाळाला माडीवर ठेवून बघितलं, तर काकू दोन दिवस उपाशी आणि जिन्याच्या पायरीवर बसून हाका मारतायत. आणलं परत खाली.

शेवटी काका चोवीस तास पहाऱ्यालाच बसले. तीन आठवडे. काकूंशेजारी चटईवर जेवायचे, तिथेच डुलक्या काढायचे. कॅलेंडरवर पेन्सिलीने रोज बाळाचं वजन. आकडा उतरत गेला, थांबला, आणि मग दोन ग्रॅमने चढला. मानेवर काटेरी कोंब आले, नव्या पिसांचे. मी म्हटलं, "काका, बरा होतोय!" ते म्हणाले, "अजून मेला नाही." पण आवाज नेहमीचा नव्हता.

रविवार होता. नवी काच डॉक्टरीणबाईंना स्वतः नेऊन दाखवायची, म्हणजे औषध कमी करायचं की कसं ते ठरेल, म्हणून काका अलिबागला निघाले. जाताना माझ्या दाराशी आले. "बाई, हिच्यापाशी बसाल? काय मागेल ते द्या. तेल तेवढं देऊ नका."

"अहो काका, मी चाळीस पोरं सांभाळते."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

मी बसले. काकू खाटेवर, शेजारी पिंजरा, बाळ पेरूची साल कुरतडत होतं. तासभर गेला आणि काकूंनी माझ्याकडे बघितलं. नेहमी आरपार बघायच्या, तसं नाही. माझ्याकडे बघितलं. "तू पालीची ना गो? तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?"

मला भरूनच आलं. वर्षभर त्यांनी मला नावाने सोडा, माणूस म्हणून ओळखलं नव्हतं. मी भडाभडा बोलत सुटले, आईचं, शाळेचं. त्या मान डोलवत ऐकत होत्या, मधे हसतही होत्या, पहिल्या दिवशीसारख्या. मग म्हणाल्या, "बाळाची टाळू बघ कशी सुकलीय. मला कुणी तेल देत नाही गो. माझ्याच घरात मला कुणी बोटभर तेल देत नाही." आणि रडायला लागल्या.

मी दिलं.

काय सांगू! मी, वर्गातल्या पोरांच्या खोट्या रडण्याला कधी न फसलेली बाई, माझ्या खोलीत गेले आणि बाटलीच्या टोपणात तेल घेऊन आले. म्हटलं, एवढ्याशा तेलाने काय होतंय? काका यायच्या आत पुसून टाकीन. काकूंनी बाळाला मांडीवर घेतलं. त्या इतक्या सुखात होत्या की मी नजर फिरवली. परत बघितलं तर टोपण रिकामं, आणि बाळ डोक्यापासून शेपटीपर्यंत निथळत होतं.

मी पुसलं, पण मला कुठे जमतंय ते! चार वाजता आभाळ भरून आलं आणि लाईट गेली. पिवळा बल्ब बंद. काका संध्याकाळी आले, दारातच थांबले. वास त्यांना अंगणातूनच आला असणार. मी म्हटलं, "काका, मी दिलं."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी खुंटीला लावली, पाणी कोमट केलं, बाळाला पुसायला घेतलं. लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर काकांनी पाखरू सदऱ्याच्या आत पोटाशी धरून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. काकांनी त्याला काट्यावर ठेवलं आणि कॅलेंडरवर वजन लिहिलं. मी रडत होते. मला म्हणाले, "बाई, मीही दिलं असतं एखाद दिवशी. माझा माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. वाटलं, तुम्ही कडक आहात, तुम्हाला जमेल."

ते ऐकून मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

काकूंनी दोन दिवस विचारलं, "बाळ निजलंय का?" मग विचारणं सोडलं, आणि जेवणही. घास तोंडात धरायच्या, गिळायच्या नाहीत. डॉक्टर सलाईन लावून गेला. गावातल्या एकाने दुसरा पोपट आणून देतो म्हटलं. काका म्हणाले, "गुन्हा आहे तो," आणि अंगणातच पाठ फिरवून उभे राहिले. चौथ्या दिवशी दुपारी ते माझ्या दाराशी आले.

"बाई, तेल आहे का?"

मी बाटली दिली. ती घेऊन ते आत गेले, काकूंच्या हातात ठेवली आणि खाटेशी जमिनीवर त्यांच्याकडे पाठ करून, मान खाली घालून बसले. ते काथ्यासारखे कोरडे, पांढरे केस काकूंच्या गुडघ्यांशी. मी खिडकीतून बघत होते. काकू कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग बोट तेलात बुडलं. "अगो बाई, किती सुकलीय टाळू माझ्या बाळाची," त्या म्हणाल्या आणि तेल जिरवायला लागल्या. तेल काकांच्या कपाळावरून, नाकावरून खाली आलं. त्यांनी पुसलं नाही. मी धावत जाऊन भाताचं ताट आणलं. काकूंनी पहिला घास काकांच्या तोंडात घातला, दुसरा स्वतःच्या.

काकू शिमग्यापर्यंत जगल्या. बेचाळीस वर्षांचा संसार, पण शेवटपर्यंत त्यांनी काकांना नवरा म्हणून ओळखलं नाही. बाळच म्हणत राहिल्या.

जूनमध्ये माझी बदली झाली, आमच्या सुधागडातच, पालीजवळ. पुन्हा तिकडे जायचं म्हणायचे आणि टाळायचे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मन घट्ट करून गेले. पडवीत एक माणूस पिंजऱ्यावर चादर घालून बसला होता. हरिहरेश्वरला त्याचं लॉज होतं. "काका, एवढ्या लांबून आलोय हो," तो विनवत होता. काकांनी दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. "हात तेलाचे आहेत. पाखराला चालत नाही." अलिबागच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता त्यांनी सांगितला. "कायद्याला भिऊ नका, त्या आधी पाखरू बघतात." माणूस गेला.

मला वाटलं, सबब असेल. जवळ गेले तर केस चपचपीत, सदऱ्याची कॉलर तेलाने पिवळी पडलेली. फळीवर ट्यूबांची बरणी होती, तिच्यावर धूळ. आणि शेजारी माझी बाटली, भरलेली.

"कसे आहात काका?"

"अजून मेलो नाही."

मी पायरीवर बसले. मग ते म्हणाले, "बाई, एक काम कराल? रोज लावतो, पण आपली टाळू आपल्याला नीट भरता येत नाही. ओघळून जातं सगळं." असं म्हणून ते माझ्या खालच्या पायरीवर येऊन बसले आणि त्यांनी मान खाली घातली.

मी बाटली घेतली. टोपण उघडलं, त्यात तेल ओतलं. तेच टोपण, तेवढंच तेल. आणि माझा हात काही पुढे जाईना. काका मान खाली घालून तसेच बसून राहिले होते.